एकाच बाजूची फुगडी

यंदाच्या विज्ञान दिनी, भर दुपारी, शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत नांदेडहून आलेल्या संशोधक बाईंवर अन्याय झाला. त्यांना बोलायला एक तास होता. तो पाहुण्यांच्या शाली-नारळांत गेला. सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटांत उरका. पोरींना जेवायचंय."

आमच्या संघटनेची पत्रकं वाटायला गेलेला मी भांडायलाच उठलो. बाईंनी मला हातानंच बसवलं, पदर खोचला आणि मुलींना विचारलं, "फुगडी येते का गं?"

"हाव मॅडम, लई येते!"

मैदानात जोड्या गरगरू लागल्या. एकीचे हात धरून बाईही फिरल्या आणि धापा टाकत बोलू लागल्या, "काही पदार्थ खूप गार केले की वीज बिनअडथळा वाहते. आतले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. त्यातल्या नेहमीच्या पदार्थांत त्या जोड्या गिरकी घेत नाहीत. पण काही विलक्षण पदार्थांत त्या फुगडी घालत असाव्यात, अन् सगळ्या एकाच बाजूनं! डावी-उजवी सारखीच असताना ही समानता मोडते कशी, तेच मी शोधून राहिले."

"मॅडम, ही उलटी फिरून राहिली!" एकीनं चहाडी केली.

"मग तुमचा पदार्थ अजून गार व्हायचाय!"

हसून हसून मुली वाकल्या. खिचडीची घंटा झाली तरी एकही जोडी सुटेना. इतकी आनंदी बंडखोरी मी आमच्या एकाही मोर्चात पाहिली नाही.

पण दर वेळी बाईंनीच का निभावून न्यायचं? तुमच्या गावातल्या कार्यक्रमात शाली निघाल्या की उभे राहा आणि मोठ्यानं सांगा: आधी मॅडमना बोलू द्या.