पाट्यावरची बाई

उस्ता झगलूल माझ्याकडे बघायचे तेव्हा मी त्यांना दिसायचेच नाही. माझ्या नाकाच्या जागी त्यांना खड्डा दिसायचा आणि डोळ्यांच्या खोबणीत टेकाड. एकदा चहाचा ग्लास हातात घेता घेता म्हणाले, "उम्म हिलमी, तुमचं नाक कोरायचं तर लाकूड जाड घ्यावं लागेल." मी म्हटलं, "आणि तुमची अक्कल कोरायची तर फळकूट पुरे." ते हसले आणि चहात आणखी साखर मागितली.

त्यांचा धंदाच उलटा. मौलिदच्या साखरेच्या बाहुल्यांचे लाकडी साचे ते कोरायचे. बाहुली जिथे फुगीर तिथे साचा पोकळ, तिचा उजवा हात साच्यात डावीकडे. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाचं डोकं सरळ कसं राहणार? बाब अल-बहरच्या आमच्या गल्लीत तेव्हा साखरेच्या भट्ट्या धडधडायच्या. त्यातली एक माझी. नवरा गेल्यावर मी ती बंद करीन असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, म्हणून मुद्दाम चालू ठेवली. साखर माझी, चेहरा उस्तांचा, असं आमचं चालायचं. मौलिदला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाला, पोरीबाळींच्या हातात, वाङ्निश्चय झालेल्या मुलींच्या घरी, जिकडेतिकडे आमच्या बाहुल्या जायच्या, पाठीला रंगीत कागदाचे पंखे लावून.

शुक्रवारी उस्ता कामाला हात लावत नसत. नमाज झाली की कागदात गुंडाळलेली गरम तामियाची भजी खात खात ते मोठ्या चौकातल्या संग्रहालयात जायचे. बायको होती तेव्हा ती म्हणायची, याची दुसरी बाई तिकडे आहे. ते काही अगदीच खोटं नव्हतं. राजांच्या पुतळ्यांपुढून ते मानही न वळवता निघून जायचे. फोटो काढायला बसलेल्या माणसांकडून काय घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. ते थांबायचे ते मागच्या दालनात, चाकर माणसांच्या बारक्या पुतळ्यांपाशी. कुणी कणीक मळतंय, कुणी भट्टी फुंकतंय, कुणी डोक्यावर टोपली घेऊन चाललंय. त्यांच्याकडून उस्ता दरवर्षी एखादी गोष्ट घरी आणायचे, अंगठ्याची ठेवण, खांद्याचा उतार, असं काहीतरी. एका वर्षी आमच्या बाहुलीचा कमरेवरचा हात जरा खाली आला. काय बदललं ते गिऱ्हाइकाला सांगता येईना, पण गल्लीत आमच्याच बाहुल्या आधी संपल्या. मग इतर भट्टीवाले टोमणे मारू लागले, की झगलूल मौलिदला फिरऔन राजांच्या मोलकरणी वाटतो. उस्तांना राग यायचा नाही. ते म्हणायचे, मोलकरीण माणसाची पोर नव्हती का?

एकदा मीसुद्धा त्यांच्यासोबत गेले. पाय दुखले, दुसरं काही झालं नाही. पण तिथला पहारेकरी लक्षात राहिला. उस्तांना लांबून बघताच तो काचेवर टिचकी मारून आतल्या पुतळीला म्हणाला, "ऊठ बाई, तुझा नवरा आला."

ती पाट्यावर दळणारी बाई होती. हातभरसुद्धा नसेल. गुडघे टेकून बसलेली, दोन्ही हात पुढे, अंगाचा सगळा भार दगडावर आणि मान खाली. उस्ता तिच्यापुढे उकिडवे बसले आणि हवेतच बोटं फिरवू लागले, अर्थात उलटी. तिच्या मानेपाशी येऊन त्यांची बोटं थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. घरी येताना मी विचारलं, इतकी वर्षं बघताय, मग ही बाई कधी साच्यात का नाही आली? म्हणाले, ती अजून काही देत नाही.

मग प्लॅस्टिकच्या बाहुल्या आल्या. त्या फुटत नव्हत्या, विरघळत नव्हत्या, त्यांना मुंग्या लागत नव्हत्या, आणि काहींना तर पापण्या मिटायच्या. एकेक भट्टी थंड पडू लागली. साचे जळणात गेले. उस्तांकडे येणारी माणसं कमी झाली, मग यायचीच थांबली. माझ्या मुलाने, हिलमीने, एका मौलिदआधी सरळ सांगितलं, की यंदा भट्टी पेटवायची नाही, प्लॅस्टिकचा माल त्याने सांगून ठेवलाय. हिलमी वाईट नाही. दुकानात उभा तो राहतो, परत आलेल्या फुटक्या बाहुल्या तो बघतो. तरी मला त्याचा संताप आला. मी म्हटलं, एक कढई. उस्तांच्या नव्या बाहुलीसाठी फक्त एक कढई साखर. ती विकली गेली तर भट्टी राहील. नाही गेली तर तू म्हणशील तसं.

हिलमी कबूल झाला. मी उस्तांना जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "यंदा तिला आणतो."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. शुक्रवार काय नि सोमवार काय, रोज संग्रहालय. झानच्या लाकडाचा राखून ठेवलेला ठोकळा त्यांनी काढला. जेवायला बोलवावं तर हातात पटाशी घेऊनच यायचे. मी कधी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, आणि मला मात्र रोज धास्ती वाटायची. साचा म्हणजे दगड नव्हे. दगडात वाटेल ते कोरावं, तो उघडायचा नसतो. साचा उघडावा लागतो. पुढे पसरलेले हात साच्यात अडकतात, खाली वाकलेली हनुवटी अडकते. हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनाच ते कुठल्या तोंडाने सांगू?

हातांचा आणि पाट्याचा नाद त्यांनी सोडला. हात मांडीवर घेतले. पण मान काही केल्या वर करायला तयार होईनात. हनुवटीखाली एक वेगळी पाचर बसवली, साचा उघडण्याआधी बाजूने ओढून काढायची. मी साचा पालथा-सुलथा करून बघितला आणि गप्प बसले. आतला पोकळ चेहरा फारच सुंदर होता.

ओतायच्या दिवशी साचा पाण्यात भिजवला, दोऱ्यांनी करकचून बांधला. साखर उकळली, लिंबू पिळलं, घोटून घोटून पांढरी केली. ओतली, जरा थांबून साचा उपडा केला, आतली पातळ साखर परत कढईत आली. उस्तांनी पाचर ओढली. टक्कन आवाज झाला आणि डोकं वेगळं झालं.

पहिली जातेच, असं मी म्हटलं. दुसरीही गेली. तिसरीला पाचरीला तेल लावलं. मग साखर जरा घट्ट ठेवली, मग सैल केली. मान तुटायची ती तुटायचीच. फुटलेल्या बाहुल्या पुन्हा कढईत टाकायच्या, पुन्हा वितळवायच्या, असं करता करता साखर पिवळी पडायला लागली. हिलमी दारात उभा होता. त्याने एकदाही टोकलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तो शेवटी हळूच म्हणाला, "काका, मान थोडी वर केली तर? आत लाकडाची चकती मारा. निघेल."

उस्तांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मान वर केली की ती गल्लीतली कुणीही होईल," म्हणाले.

कढईच्या तळची साखर उरली तेव्हा एक निघाली. अख्खी. जरा पिवळट, पण अख्खी. साच्यातून ती मी उचलली. मी तिला रंगवायला बसले तर अडचण अशी की डोळे खाली झुकलेले, काजळ भरायला जागाच नाही. पंखे लावले तर वाकलेल्या पाठीवर ते मोडक्या छत्रीसारखे लोंबायला लागले. मी तरीही लावले. दुकानात पुढच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या बाहुल्यांच्या मध्ये, हिलमीने स्वतः तिला जागा करून दिली. उस्ता बाजूला स्टुलावर बसले.

येणारे थांबत होते, बघत होते. मला वाटलं, जमतंय. एक तरणा मुलगा आला, नुकतंच लग्न ठरलेला. होणाऱ्या बायकोकडे पाठवायला बाहुली हवी होती. त्याने तिला उचललं, उजेडात धरलं, पुन्हा पुन्हा बघितलं. त्याला ती आवडली होती, हे मी शपथेवर सांगेन. पण मग तो म्हणाला, "मावशी, हिला कुणी मारलंय का हो?"

मी म्हटलं, नाही रे बाबा, ती काम करतेय.

"कुठलं काम?" त्याने बाहुली फिरवून बघितली. "हात तर रिकामे आहेत. अशी बाई मी कुणाच्या घरी पाठवू? तिची आई म्हणेल, आत्ताच सांगतोय की पोरीचं काय करणार आहे."

त्याने ती जपून परत ठेवली आणि पापण्या मिटणारी घेतली. चूक त्याची काहीच नव्हती. मला वाटलं उस्ता काहीतरी बोलतील, निदान चिडतील. ते उठले, बाहुलीपाशी गेले आणि तिच्याकडे बघत राहिले. या वेळी उलटं नाही, आपण सगळे बघतो तसं सरळ.

"पोरगा बरोबर बोलला," ते म्हणाले. "तिच्यापुढे पाटा होता म्हणून मान खाली होती. पाटा मी काढून घेतला, उम्म हिलमी, आणि मान तशीच ठेवली."

त्यांनी तिचे पंखे सोडवले, घडी करून फळीवर ठेवले. मग तिला आत नेऊन कढईत सोडलं. मी अडवायला हवं होतं असं लोक म्हणतील. कशासाठी अडवू? मलाही ती तशीच दिसत होती, पहिल्या क्षणापासून. मला रडू आलं ते लपवायचं तरी कुणापासून, म्हणून रडले.

भट्टी त्यानंतर पेटली नाही. पुढच्या मौलिदला उस्ता आपणहून आले आणि काही काम आहे का विचारलं. प्लॅस्टिकच्या बाहुल्या कारखान्यातून उघड्याच येतात, त्यांना झालरी शिवाव्या लागतात, पंखे चिकटवावे लागतात. ते काम मी दिलं. त्यांची बोटं चलाख, आमच्या मुलींपेक्षा सफाईदार काम करायची. हिलमीने कौतुक केलं तर मान डोलावायचे.

एका शुक्रवारीही ते कामाला आलेले बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आज नाही काम. आज जा तिकडे, पहारेकरी वाट बघत असेल, जरा बघून या, बरं वाटेल.

उस्तांनी चिकटवायचा ब्रश खाली ठेवला. "मी तिथे बघायला कधी गेलोच नाही," ते म्हणाले. "आणायला जात होतो. आता आणून ठेवू कुठे?"

गाठोड्यातून त्यांनी पुढची बाहुली काढली आणि तिच्या पाठीला गोंद लावू लागले.