हिरामणचा आखूड क्रँक

सायकल कंपन्यांनी दरवर्षी नवं मॉडेल काढावं की नाही, हे मला कुणी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मी पडलो भिवंडीतल्या कामतघरच्या एका शेडमधला जॉबर, बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा माणूस. पण कुणी विचारलंच, तर मी वाद घालत बसणार नाही. त्याला सरळ टेमघरला हिरामणच्या ओट्यावर नेऊन बसवीन.

आमच्या शेडमधले चोवीस लूम माझ्या बापाच्या वयाचे. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले आणि इथे येऊन पुन्हा खडखडायला लागलेले. त्यांचा काहीही मोडू दे, लोहार घडवून देतो, नाहीतर शेजारच्या शेडमधून मागून आणतो. आणलेला पार्ट मुकाट बसतो. म्हणून तर भिवंडी चालते. सायकलवाल्यांना मात्र दर साली काहीतरी बदलल्याशिवाय अन्न गोड लागत नाही!

हिरामण लहान असताना बैलगाडीचं चाक त्याच्या डाव्या गुडघ्यावरून गेलं. तेव्हापासून तो गुडघा पुरता वाकत नाही. लूमवर बारा तास उभं राहणं त्याच्या नशिबात नव्हतं. पण सायकलवर बसला की गडी राजा. टेमघर नाक्यावरच्या महादू मिस्त्रीनं त्याच्या सायकलचा डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला फिरतं तो लोखंडी दांडा, कापून, भट्टीत तापवून, ठोकून चार बोटं आखूड करून दिला होता. त्यामुळे डावं पायडल लहान फेरा घ्यायचं आणि तेवढ्यापुरता तो गुडघा वाकायचा. मागून बघणाऱ्याला हसू यायचं. आम्ही त्याला ‘दीड पायडल’ म्हणायचो. तो म्हणायचा, “दीड तर दीड, तुज्या अगोदर पोचतो ना?”

पोचायचाच. त्याचं काम कांड्या आणायचं. लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. कामतघरच्या चाळींतून बायका घरबसल्या कांड्या भरायच्या, हिरामण घरोघर फिरून त्या गोणीत गोळा करायचा आणि गोणी कॅरिअरवर बांधून शेडमध्ये आणायचा. कांडी आली नाही तर लूम उभे. दहा वर्षांत माझा एकही लूम त्याच्यापायी उभा राहिला नव्हता.

मग पंचाहत्तर साली त्याच्या सायकलचा एक्सल झिजला. दोन्ही क्रँक ज्याच्यावर बसतात तो हा आडवा दांडा. महादूनं अख्खी भिवंडी पालथी घातली. “ह्या मापाचा आता येतच न्हाय,” तो म्हणाला. “त्या मॉडेलच्या मागनं सात मॉडेलं झाली.” सायकलच्या दुकानदाराला, रामनाथशेठला, मी स्वतः जाऊन विचारलं, बाबा रे, माप कशाला बदलता? तो हसला. “जॉबर, दरसाल नया मॉडेल निकलता है, तभी कारखाना चलता है. लोकांना नवीनच लागतं.” लोकांना म्हणजे कुणाला, ते मी विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, आणि आता सुचून उपयोग नाही.

हिरामण झिजलेल्या एक्सलवरच खेपा मारत राहिला. त्या वर्षीचा दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यार आणि वाहन राबवत नाहीत. हिरामणनं सकाळी सायकल धुतली, हँडलला झेंडूचा हार घातला, दारात उभी केली आणि लूमच्या पूजेला पाय ओढत, चालत शेडवर आला. इकडे कमळा, त्याची बायको, याच दिवसाची वाट बघत होती. तिनं भिशीचे पैसे साठवून ठेवले होते. रामनाथशेठच्या दुकानावर फळा लागला होता, जुनी द्या आणि नवी न्या. हारासकट ती सायकल ढकलत तिनं दुकान गाठलं आणि हिरवीगार नवी सायकल ढकलत घरी आणली. क्रँकचं तिला कळत नव्हतं असं नाही. एकदा महादूनं केला, तसा पुन्हा करील, असा तिचा साधा हिशेब होता. तिनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि उंबऱ्यात बसून राहिली.

मी हिरामणबरोबरच होतो. दारात ती हिरवी सायकल बघून तो थबकला. नजर पहिली डाव्या क्रँकवर गेली, ते मी पाहिलं. कमळाचं तोंड नव्या नवरीसारखं फुललं होतं.

“कशी हाय?” तिनं विचारलं.

“झकास हाय,” हिरामण म्हणाला. आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली आणि आत गेला.

मी मागोमाग गेलो. “अरे, जुनी अजून दुकानाबाहेरच उभी असंल. आत्ता जाऊन क्रँक तरी काढून आणू.”

“आज न्हाय, चांगदेवभाऊ. आज दसरा हाय. तिनं नारळ फोडलाय. आज तिच्या आनंदावर पानी फिरवू?”

मी त्याचं ऐकलं आणि घरी गेलो. याच गोष्टीसाठी मी स्वतःला अजून शिव्या देतो. कसला दसरा आणि कसलं काय! त्या दुपारी मी एकटा उठून गेलो असतो तरी काम झालं असतं. पण सणाच्या दिवशी वावगं बोलू नये, हे माझ्याही हाडात मुरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाबाहेरची जागा रिकामी होती. बदलीत आलेल्या सगळ्या सायकली ट्रक भरून भंगारात गेल्या होत्या. नवी परत घ्या म्हणालो, तर रामनाथशेठनं कुंकवाकडे बोट दाखवलं. “पूजा झालेला माल मी दुसऱ्याला कसा विकू?” खोटं बोलत नव्हता तो. मीही ती घेतली नसती.

महादूनं नवा क्रँक भट्टीत घातला. पहिल्याच घणाला त्याचे दोन तुकडे झाले. महादू ते तुकडे हातात घेऊन म्हणाला, “हा घडीव न्हाय रं, ओतीव हाय. ठोकला की फुटनार.” दसऱ्याची सुट्टी संपून सोमवारी शेड सुरू होणार होती आणि मध्ये दोनच दिवस उरले होते.

ते दोन दिवस आम्ही वळ गावाच्या बाजूचं भंगाराचं आवार उपसत होतो. फ्रेमचे तुकडे झालेले, चाकं वेगळी, हँडलं वेगळी. हिरामण त्या ढिगावर गुडघा पसरून बसला आणि एकेक क्रँक उचलून बाजूला टाकत राहिला. बोटं फाटली, तरी उठेना. रविवारी उन्हं कलताना त्याच्या घशातून असा आवाज आला की मला वाटलं, काहीतरी चावलं. त्याच्या हातात आखूड क्रँक होता. छातीशी धरून तो माणूस रडला. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

आणि ज्याची भीती होती तेच झालं, तो क्रँक नव्या सायकलवर बसेना. नव्या मॉडेलचा एक्सल अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, बारीक. अर्धा सूत! लोखंड वाचवायला की नुसतं वेगळं दिसायला, ते करणाऱ्यालाच ठाऊक. मोठ्या भोकात बारीक दांडा खुळखुळायला लागला. महादूनं पत्र्याची पट्टी गुंडाळून, खिळा ठोकून तो कसाबसा आवळला. “जपून जा,” म्हणाला. “भरवसा न्हाय.”

तीन दिवस कांडी आली. प्रत्येक खेपेला मी दारात येऊन बघायचो. चौथ्या दिवशी आली नाही. एकामागून एक लूम थांबत गेले आणि मी पाना टाकून चाळींच्या वाटेला धावलो. चढावर पट्टी निसटली होती. क्रँक फिरला, हिरामण गोणीसकट आडवा झाला, आणि सगळ्या कांड्या गटारात गेल्या. मी पोचलो तेव्हा तो गटारात हात घालून काळं झालेलं सूत वेचत होता.

“पुसून घेतो, भाऊ,” तो सारखं म्हणत होता, “पुसून घेतो.”

त्या सुताचं काहीही होणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

मालकानं मला बोलावलं. “लंगड्याला बदल. उद्यापासून दुसरा बघ.” हे सांगायला मीच टेमघरला गेलो. हिरामण ओट्यावर पाय पसरून बसला होता. मी उभा राहिल्याबरोबर त्याला कळलं.

“दुसरं कोन न्हाय बघायचं, भाऊजी,” कमळा आतून बाहेर आली. “सायकल मीच आनलीय. कांडी मी आनीन.”

“तुला सायकल येते का?”

“ढकलता येते.”

मालकाला मी एवढंच सांगितलं, की कांडी येईल. दुसऱ्या दिवशी पहाटेच कमळा निघाली. नव्या सायकलवर गोणी, आणि डाव्या बाजूनं चालणारी, हँडलाशी झुंजणारी कमळा. जिथे हिरामणला अर्धा तास लागायचा, तिथे तिला दोन तास. पण कांडी आली. हिरामण आता घरी बसून चाळींतल्या बायकांसारखा कांड्या भरतो. आम्ही कुणी त्याला दीड पायडल म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी त्याच्याकडे गेलो, तर कमळाच्या नडगीला चिंधी बांधलेली आणि त्यातून रक्त आलेलं. ढकलताना डावं पायडल दर पावलाला तिथेच लागत होतं. तिनं तक्रार केली नव्हती. हिरामणनंच पाहिलं होतं आणि महादूकडून पाना मागून आणला होता.

डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, नवखा माणूस तो सोडवायच्या ऐवजी आवळून बसतो. म्हणून मी हात पुढे केला. त्यानं पाना दिला नाही. सायकलपाशी तो खाली बसला, ताठ पाय बाजूला पसरला, आणि योग्य त्याच बाजूला पाना फिरवून पायडल काढलं. मग महादूनं पुन्हा आवळलेली पट्टी सोडवून आखूड क्रँकही काढला आणि दोन्ही ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं.

“जा आता,” तो कमळाला म्हणाला. “आता न्हाय लागनार.”