चालण्याचं पथ्य

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर चाला. उभा जन्म सरकारी कचेरीच्या खुर्चीत काढलेला माणूस, वरून आलेला हुकूम मोडणार कसा? मसुऱ्यातल्या आमच्या वाडीतून देवळापर्यंत जायचं नि परत यायचं. पण वाटेत आठ घरं, आणि दारावरून जाणाऱ्याला चहा न विचारणं म्हणजे भांडण असल्याची जाहीर खूण. बाबांचं कुणाशीच भांडण नव्हतं. घरी बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे आणि व्यायामाच्या नावाखाली बाहेर साखर रिचवून यायचे.

आई ओरडायची, मी ओरडायचे. पाय जातील, डोळे जातील, किडनी जाईल. डोक्याचं नाव आमच्यापैकी कुणीच काढलं नव्हतं. अशी दहा-बारा वर्षं गेली.

मग त्यांच्या तासाचे दोन तास झाले. आम्ही खूश, माणूस सुधारला म्हणून. शेजारच्या काकूंना मी हे कौतुकाने सांगायला गेले, तर त्या चुळबुळल्या.

"गो, तुझे बाबा हल्ली दोनदा येतत. चाय पिऊन जातत आणि अर्ध्या तासान परत येवन बसतत, पयल्यांदाच इल्यासारखे."

"मगे तुमी परत चाय दितास कित्याक?"

"दारात इलेल्या माणसाक 'तुमी मगाशीच येवन गेलास' असा सांगतत काय?"

आठही घरांत हेच. कित्येक महिने अख्ख्या वाडीने सभ्यपणा पाळला होता, साखरेसकट. मी संतापले. मग आठवलं, बाबा घरी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायचे तेव्हा मीही मुकाट्याने उत्तर देत होते.

डॉक्टर म्हणाले, साखर वर्षानुवर्षं आटोक्याबाहेर राहिली की विसरण्याच्या आजाराचा धोका वाढतो. पण यांना त्यामुळेच झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

घरोघर जाऊन सांगून आले, साखर घालू नका, आणि जमलं तर घरी आणून सोडा.

परवा काकूंनी त्यांना असंच आणून सोडलं. बाबांनी चपला पायरीखाली नीट काढल्या आणि आमच्याच ओटीवर कडेला अंग चोरून बसले. आईने चहा पुढे केला. बाबांनी हात जोडले.

"नको वयनी. माका डायबेटीस आसा. घराकडे बायल रागावता."