फुल्यांमागचं नाव

साताऱ्यात सायबर कॅफे नवा होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खुर्चीवर कोरेगावच्या एक मावशी बसल्या होत्या. दुबईतल्या लेकीशी बोलायला त्यांना गप्पांच्या साइटवर खातं हवं होतं. अर्ज मीच भरत होतो. पासवर्ड म्हणजे कुणाला न सांगायचा शब्द, म्हटल्यावर त्या लाजल्या.

"मालकांचं नाव चालंल?"

"ते तर गावाला माहीत असेल, मावशी."

"आसंल. पर माज्या तोंडनं चाळीस वर्सांत कुनी ऐकलं न्हाई. तिकडं तोंड कर, बाळा."

मालकांचं फौजेतलं इंग्रजी ओळखपत्र समोर धरून त्यांनी एकेक अक्षर शोधत नाव टाइप केलं. मी वळलो, तर पडद्यावर नुसत्या फुल्या.

मावशी हरखल्या. "आगं बया, ह्ये मशीन बी त्यांचं नाव घेत न्हाई!"