घेवड्याचं साल
लाल घेवड्याचे दाणे शिजल्याचा वास आला की मला डिंगोरे गावातला, काकीच्या हातचा केक आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लहान होते, नुकतीच काविळीतून उठले होते, दूध पचत नव्हतं आणि उसळ-भाजी मी तोंडाला लावत नव्हते. घर माळकरी, त्यामुळे अंड्याचा प्रश्नच नव्हता. मग काकीनं ओतूरच्या शिवणक्लासातल्या मैत्रिणीला विचारून कणीक, गूळ आणि तेलाचा केक केला. जाड पातेल्यात वाळू घालून त्यावर डबा ठेवला, झाकणावर निखारे पसरले. वेलदोड्याचा वास पार ओसरीपर्यंत आला. "खा गं, गुळाबिगर यात काय न्हाई," ती म्हणाली. दुसऱ्याच घासाला जिभेवर घेवड्याचं लाल साल आलं. मी वर पाहिलं, तर पदरानं घाम पुसत ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी साल गुपचूप ताटाखाली सरकवलं आणि अजून एक तुकडा मागितला. पुढं दर आठवड्याला केक झाला, साल मात्र परत कधी आलं नाही. परवा माझ्या लेकीसाठी तोच केक करताना मी काकीला फोनवर हे सगळं कबूल केलं. ती हसली. "मला म्हाईत व्हतं. ताट मीच उचललं ना. मंग दर बारीला एकेक दाणा सोलून घालीत व्हते."