खिंडीचा रस्ता आणि पारूची साक्ष

“बिरीक दाब इंदे, बिरीक दाब, मेले गं मी आता—” पारू मागच्या कॅरिअरवरून ओरडत होती, आणि तिचे शब्द माझ्या कानाशी पोचायच्या आत आमची सायकल पुढं निघून जात होती, असा आमचा वेग. खिंडीच्या माथ्यावरून एकदा सुटलं की खालच्या वडापर्यंत पायडलला पाय लावायचं कारण नसे. वारा परकरात शिरून त्याचा तंबू होई, डोळ्यांतलं पाणी गालांवरून खाली न येता आडवं कानांकडे धावे, आणि कृष्णेच्या डोहावर ध्यानस्थ बसलेले बगळे पारूच्या बोंबेनं एकदम आभाळात उधळत. वडाशी मोठा रस्ता लागायचा. तिथं मी एकदा वाईच्या एस.टी.ला मागं टाकलं होतं. ड्रायव्हरनं खिडकीतून मला हात जोडले होते. पारूला विचाराल तर ती सांगेल, एस.टी. पंक्चर होऊन उभी होती.

हा रस्ता आमच्या आयांनी केलेला. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खिंडीत खडी फोडायला बसलं होतं. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीचा तो कोंदट वास, हातोडीखाली उडणाऱ्या कपच्या, डोक्यावर ओला फडका बांधलेली आई... पुढं पाऊस आला, काम थांबलं आणि सरकार रस्ता विसरून गेलं. डांबर नाही, मोटार नाही, माणूसही क्वचितच. मागं वैराटगड, समोर निळसर धुक्यात पांडवगड, आणि मध्ये नदी, काठच्या देवळांचे कळस पाण्यात उलटे धरून बसलेली. पौषात त्या रस्त्यावर गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा गोड धूर लोंबकळत असे. फाल्गुनात शिजत्या हळदीचा वास असा दाट येई, की सायकल त्यातून ढकलत न्यावी लागे. खिंडीतून गडांकडे पाहताना वाटे, कुणीतरी आपल्यासाठी हे खोरं जिंकून, झाडून-पुसून, रिकामं करून ठेवलंय.

सायकल मूळची आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. धाकटा मामा सांगलीजवळ कुपवाडला एका वर्कशॉपात वेल्डिंग करायचा. त्यानं ती पुरुषी सायकल नेली, वरची आडवी दांडी कापली, खाली तिरकी जोडली आणि एस.टी.च्या टपावर टाकून परत आणली. “घे, लेडीज सायकल,” म्हणाला. जोड जरा चुकला होता, त्यामुळे ती जन्मभर डावीकडे तोंड करून सरळ चालली. तिला पाहायला तीन गावं लोटली आणि पाटलांची म्हैस दचकून महिनाभर आधी व्याली. निदान मी तरी असंच सांगत आले आहे.

गावात शाळा सातवीपर्यंत; हायस्कूल खिंडीपलीकडं, वाईला. सातवीनंतर मुलींना शेण, शेत आणि स्थळ. आबांचं मन मात्र थोडं सैल होतं. पलटणीत त्यांनी शिकलेल्या नर्सबाया पाहिल्या होत्या. ते म्हणाले, “एकटी न्हाई. पारू येत असली तर जा.” पारूचे वडील तात्या, बांधाला बांध असलेले आमचे शेजारी, ते म्हणाले, “इंदी जात असली तर जाईल.” शेतात कडब्याच्या दोन पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात ना, तशी ती परवानगी होती. एक काढली की दुसरी आडवी.

चढाला पारू उतरून मागून ढकलायची, उताराला बसून ओरडायची. ओरडण्याखेरीज ती फार कमी बोले. बोलायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी दोघींच्या वाटचं करी. संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं टेकली की मी त्या दिवशीचा रस्ता सांगायला घेई. खरं तर रस्त्यात काहीच घडत नसे, हीच त्याची थोरवी. पण असा निवांतपणा ऐकायला कोण बसेल? म्हणून मग मोरीवर नाग आडवा येई, असा की जिवंत नाग पुजणाऱ्या शिराळ्याच्या माणसांनीही त्याला लांबून नमस्कार केला असता. गडावरून पांढरा घोडा उतरे आणि त्याच्यावर स्वार नसे.

गोष्ट संपली की आबा मान वळवून विचारत, “पारू, खरं का गं?”

“न्हाई आबा,” पारू म्हणे, “सायकलची जुनी ट्यूब पडली हुती.” घोड्याच्या दिवशी म्हणाली, “धनगराचं शिंगरू हुतं.” माणसं हसून लोळत. मलाही राग येत नसे. मी फुगा फुगवायचा, तिनं टाचणी लावायची, असा तो आमचा जोडीचा खेळ होता. पारू कधी खोटं बोलत नाही, हे गावाला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. तिच्या एका ‘न्हाई’वर दोन्ही घरं निर्धास्त झोपत.

नववीच्या परीक्षेत मी वर्गात दुसरी आले. मॅट्रिकचं एकच वर्ष उरलं होतं. आबांनी बोलून दाखवलं होतं, पास झालीस तर साताऱ्याला डी.एड.ला घालतो. मनातल्या मनात मास्तरीण होऊन मी अर्ध्या गावाला छड्याही मारल्या होत्या. त्या वैशाखातल्या एका संध्याकाळी तात्या पारूला घेऊन आमच्याकडे आले होते. आईनं पाटीभर रायवळ आंबे पुढ्यात ठेवले होते. रसाचा, गवताच्या अढीचा आणि नुकत्याच शिंपडलेल्या अंगणाचा वास एकत्र झाला होता. मी रंगात आले आणि बिबट्या काढला. खिंडीत वाटेच्या मधोमध बसलेला, शेपटी मुडपून, नाक्यावरच्या शिपायासारखा. मी घंटी वाजवली; तो उठला, आळस दिला आणि सायकलला वाट करून दिली... ओट्यावर हसू पिकत आलं होतं. सगळे फक्त टाचणीची वाट पाहत होते.

“खरं का गं पारू?” या खेपेला तात्यांनी विचारलं.

पारूनं हातातली कोय खाली ठेवली. बोटं परकराला पुसली.

“व्हय,” ती म्हणाली. “हुता. दोनदा दिसला.”

मी मोठ्यांदा हसले. मला वाटलं, अखेर पोरीला कला साधली. भर घालायला शिकली. ते ‘दोनदा’ तर मलाही सुचलं नसतं. मग ध्यानात आलं, की हसणारी मी एकटीच आहे. आईचा हात आंब्यावर तसाच थांबला होता.

मी सांगितलं, खोटं आहे. बिबट्या नव्हता, मी रचलंय सगळं. देवाची शपथ घेतली, आईची घेतली, सायकलची घेतली. आजवरच्या आयुष्यात मी इतकं खरं कधी बोलले नव्हते आणि इतक्या खऱ्यावर इतका अविश्वासही कुणाच्या वाट्याला आला नसेल. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता शाळा बंद हुईल म्हून खोटं बोलतीया.” तात्या उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “आवं, पोरीबाळी त्या. नगंच ते.” बस्स. दोन्ही पेंढ्या एका श्वासात आडव्या झाल्या. मी पारूकडे पाहत राहिले. ती आपली कोय उचलून पुन्हा चोखू लागली होती, शांतपणे, जणू कुणी वेळ विचारली आणि तिनं सांगितली.

आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं, की गड तोफेनं कमी पडतात आणि फितुरीनं जास्त. आतला माणूस दिंडी दरवाजा उघडतो, मग खाली खंदक कितीही खोल असो. पण कथेतला फितूर काहीतरी मिळवतो तरी. जहागीर, निदान एखादं गाव. पारूला काय मिळालं, ते मला कळेना. जूनमध्ये शाळा उघडली. सायकल माझ्या धाकट्या भावाकडे गेली. तो आठवीत, खिंडीतून, त्याच रस्त्यानं, एकटा. बिबट्या बहुधा मुलगे ओळखत असावा. सकाळी घंटीचा आवाज चढ चढत विरत जाई आणि मी गोठ्यात हातात पाटी धरून तो शेवटच्या वळणापर्यंत ऐकत राही. पारू समोरच्या बांधावर शेरडं चारत असायची आणि सांगायला लाज वाटते, पण ती गुणगुणत असायची. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढच्या साली मला आटपाडीकडच्या कोरड्या मुलखात दिली. तिकडं नदी नव्हती, उतार नव्हता. नुसतं ऊन होतं आणि मेंढरं.

मॅट्रिक मी केली. दोन लेकरं झाल्यावर, बाहेरून बसून. मास्तरीण मात्र व्हायची राहिले. आता माहेरी जाते तेव्हा खिंडीत गुळगुळीत डांबर लागतं. रविवारी पुण्याकडची तरुण माणसं तंग कपड्यांत, डोक्यावर रंगीत टोप घालून, सायकलींवरून सळसळत जातात. वडाखाली थांबून पाणी पितात आणि एकमेकांना सांगतात, काय निवांत रस्ता आहे. त्यांच्यात मुलीही असतात. उताराला त्यांच्यातली एकही ओरडत नाही... मी उगीचच कान देऊन उभी राहते.

पारू औंधला दिलेली. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी गेले नव्हते. पण एका पौषात यमाईच्या यात्रेला गेले आणि पाय तिच्या दाराशी थांबले. ती उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. केस पांढरे, बाकी तीच. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं, मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढं सरकवली. आम्ही दोघी निवडत राहिलो. मग मी विचारलं, त्या दिवशी ‘व्हय’ का म्हणालीस. कोणत्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही.

“मला शाळा नको हुती,” ती म्हणाली. “दिवाळीपासनंच. गणिताच्या तासाला पोटात गोळा यायचा. नुसतं नको म्हणाले असते, तर तात्यांनी मारून धाडली असती.”

माझा आवाज चढला. समोरच्या घरातली बाई दारात आली. मी म्हणाले, मग मला सांगायचं होतंस, मी मैत्रीण होते तुझी. गणित शिकवलं असतं, आबांच्या पाया पडले असते, काहीतरी काढलं असतं. एका शब्दानं माझा रस्ता तोडलास, तो शब्द आधी मला का नाही सांगितलास?

पारूनं एक पिवळं पान बाजूला टाकलं.

“तुला सांगितलं असतं, तर तू त्येची गोष्ट केली असतीस.”