भूरा की कथ्थाई

त्या वर्षी बडोद्यात आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत नव्या गाड्यांचं पेव फुटलं होतं. हप्त्यावर मिळायला लागल्या, तसे कालपर्यंत स्कूटरला किका मारणारे लोक बोटात किल्ली फिरवत जिना उतरायला लागले. गाड्या वाढल्या, जागा तेवढीच. मग सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली ती आमच्या बाबांची गाडी. काळी, विलायती, माझ्याहून वयानं मोठी. करजणला आत्याकडे जाऊन परत येताना एकदा डॅशबोर्डखालून धूर निघाला आणि सगळं वायरिंग जळालं. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली उभी होती.

सोसायटीच्या प्रमुखांनी मीटिंगमध्ये ठराव आणला. दसऱ्याला गाडी स्वतः चालत गेटबाहेर गेली तर राहील, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचं. वर हसून म्हणाले, "काका, हवे एने आराम करवा दो ने!" म्हणजे आता तिला आराम करू द्या. बाबा रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेले, कुणाचं अरे ऐकून न घेणारे. तेही मीटिंगमधून उठून आले. घरी आल्यावर मला म्हणाले, "देऊन टाक. फक्त नेतील त्या दिवशी मला आत्याकडे सोडून ये."

माझं डोकंच फिरलं. भंगार म्हणे! ज्या गाडीत मी नेसत्या शालूनिशी सासरी गेले आणि बाळाला घेऊन माहेरी आले, ती यांना जागा अडवते? आई गेल्यापासून त्या माणसाला सकाळी उठायला कारण होतं ते ती गाडी पुसण्याचं. मी म्हटलं, "बाबा, गाडी दसऱ्याला बाहेर जाणार आणि तुम्ही चालवणार." ते म्हणाले, "तू चित्रं शिकव बाई शाळेत. हे तुझं काम नाही." बस! मग तर ते माझंच काम झालं.

प्रतापनगरजवळ एक गुजराती वायरमन होता, रिक्षांची कामं करायचा. हात चांगला. त्यानं गाडी पाहिली आणि खांद्यावरचं लाल तारेचं भेंडोळं दाखवलं. "बेन, आमांथी ज बधुं करी आपुं. मने याद रहेशे." म्हणजे सगळ्या गाडीत एकाच रंगाची तार, आणि कुठली कुठे जाते ते याच्या डोक्यात! मी म्हटलं, "भाई, तुला आठवेल. तू गावाला गेलास तर मी कुणाच्या डोक्यात बघू?" तो हसला. म्हणाला, मग तयार हार्नेसचा, म्हणजे सगळ्या तारांच्या बांधून आलेल्या जुडग्याचा, किट आणा, मी बसवून देतो.

किट शोधायला निघाले तेव्हा कळलं की बाजारात नुसता आनंदीआनंद आहे. एका चकाचक दुकानात मालकानं प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे टाकली. मी म्हटलं, गाडीला डायनॅमो आहे, आल्टरनेटर नाही. "बेसी जशे, बेन." बसेल म्हणे! वळायच्या सिग्नलला दिवे नाहीत, दाराच्या खांबातून लोखंडी हात बाहेर येतात. "ए पण बेसी जशे." मी विचारलं, "आणि बैलगाडीला?" त्यानं पिशवी उचलून परत फळीवर ठेवली. मी तणतणत बाहेर आले.

शेवटी कुणीतरी मुंबईच्या एका कारागिराचा नंबर दिला. जुन्या गाड्यांचे हार्नेस तो जुन्याच पद्धतीनं, वरून सुती वेष्टन गुंडाळून करायचा. एसटीडी बूथमधून फोन लावला. मी काही विचारायच्या आत त्यानंच मला फैलावर घेतलं. फ्यूजची पेटी कुठे आहे? हॉर्नचं बटण चाकाच्या मध्ये की बाजूला? दिव्यांचा झोत वरखाली करायचा डिपर पायाचा की हाताचा? जुन्या तारांचे रंग काय? निम्म्याची उत्तरं मला येत नव्हती, आणि मीटर पळत होता. पण याच्याकडूनच घ्यायचं, हे मी बूथमध्येच ठरवून टाकलं. ज्याला आपल्या गाडीबद्दल शंका पडतात, तोच माणूस आपल्या कामाचा.

रंगांचं काम मात्र माझ्या हातचं होतं. डॅशबोर्डमागे वायरिंगचा एक तुकडा जळायचा राहिला होता. वर्षानुवर्षांच्या मळानं सगळ्या तारा एकसारख्या काळ्या. रॉकेलच्या बोळ्यानं एकेक पुसत गेले, तशी तपकिरी निघाली, निळी निघाली, हिरवी निघाली, हिरवीवर पांढरी रेघ निघाली. मला इतका आनंद झाला की मी पार्किंगमधूनच ओरडले, "बाबा, बघा रंग!" बाबा गॅलरीत आले, बघून आत गेले. पण आले होते.

मुंबईला रंग कळवले आणि किट आला. प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी आणि सोबत इंग्रजी तक्ता. मी वाचायचं, वायरमननं जोडायचं. आता बडोद्यातल्या मराठी माणसाला एक खोड आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती, आणि हातात पाना-पक्कड असलेल्या माणसाशी हिंदी! समोरचा अस्सल गुजराती का असेना, आपण आपली हिंदीच फाडणार. गुजरातीतला लीलो म्हणजे हिरवा, आपला निळा नव्हे, हे इथलं शेंबडं पोर जाणतं. त्या खड्ड्याला मी जपून होते. हिरव्याला हराच म्हणत होते.

सगळं जोडून झालं. बॅटरी लावली, किल्ली फिरवली. ठार शांतता. हॉर्न नाही, काही नाही. वायरमननं सहज हेडलाइटचं बटण ओढलं, तर दिवे लागले आणि डॅशबोर्डही जागा झाला. किल्ली फिरवली, इंजिन चालू! दिवे बंद केले, इंजिन बंद. दिवे लावल्याशिवाय चालायचंच नाही म्हणे! वायरमन म्हणाला, "चालशे ने, बेन. दिवसे पण लाइट राखवानी." दसरा दोन दिवसांवर. प्रमुख वरून बघत होते. गेटबाहेर तर गेली असती. पण दिव्यांच्या बारीक तारेतून सगळ्या गाडीचा करंट गेला असता आणि पुन्हा धूर निघाला असता, तोही बाबा आत बसलेले असताना. मी म्हटलं, "खोल सगळं."

पुन्हा तक्ता वाचायला बसलो. मी म्हटलं, "मेन का तार, भूरा." त्यानं निळी तार पुढे केली. "अरे, भूरा!" "आ भूरो ज छे ने, बेन!" मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. हिंदीतला भूरा तपकिरी, गुजरातीतला भूरो निळा! मी तपकिरी सांगत गेले आणि तो इमानानं निळी जोडत गेला. तपकिरी तार हातात धरून मी विचारलं, "मग हिला काय म्हणतोस रे बाबा?" "कथ्थाई." कपाळ माझं! मी हसत सुटले, तोही पोट धरून हसला. मग मेनची कथ्थाई मेनला आणि दिव्यांची भूरी डिपरला गेली. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी हिंदीचा एक शब्द बोलले नाही.

दसऱ्याला बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळी सोसायटी पार्किंगमध्ये जमली होती, काही कौतुकानं, काही गंमत बघायला. बाबांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. मी त्यांच्या शेजारी बसले होते. लिंबं चिरडत गाडी गेटपर्यंत गेली. तिथे प्रमुख उभे होते. माणूस वाईट नव्हता, मोकळेपणानं टाळ्या वाजवत म्हणाले, "वाह काका! तमे तो कमाल करी!"

बाबांनी ब्रेक दाबला आणि गेटच्या तोंडाशीच इंजिन बंद केलं.

 गाडी अजून बाहेर गेलेली नव्हती, आणि पुन्हा चालू झाली नाही तर? बाबा दार उघडून खाली उतरले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "में नथी करी. मारी दीकरीए करी छे." मी नाही, माझ्या लेकीनं! मग मराठीत मला म्हणाले, "सरक इकडे. दाखव यांना." मी सरकले.  किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. बाबा पुढे झाले, प्रमुखांना हातानं बाजूला केलं आणि गेटची दोन्ही दारं माझ्यासाठी स्वतः सताड उघडली.